पिवळी ज्योत, मंद आच आणि गॅसचा वास : शेगडी वापरताना या चुका टाळा

पातेल्यांची बुडे काळी पडू लागली की बहुतेक घरांत पहिला संशय गॅसवर घेतला जातो. "या खेपेची टाकीच खराब आली," असे म्हणून बुडे तारेच्या घासणीने घासली जातात, पुढची टाकी येईपर्यंत वाट पाहिली जाते आणि नवी टाकी लावल्यावरही बुडे काळीच होत राहतात. आमच्या घरी दोन महिने हेच चालले होते. शेवटी एके दिवशी शेगडी गार असताना बर्नरची पितळी टोपी काढून खिडकीच्या उजेडासमोर धरली, तेव्हा कडेच्या निम्म्या छिद्रांतून उजेड आरपार येतच नव्हता. उतू गेलेले दूध आणि भाताची पेज जळून त्यांत दगडासारखी घट्ट बसली होती.

शेगडी स्वतःचे दुखणे ज्योतीच्या रंगातून, आवाजातून आणि वासातून सांगत असते. आपली चूक अशी होते की, आपण ते सांगणे ऐकतो, पण त्याचा अर्थ चुकीचा लावतो आणि मग भलताच उपाय करत बसतो. म्हणून या लेखात प्रत्येक खुणेबरोबर तिचे कारणही सांगितले आहे.

पिवळ्या ज्योतीचा खरा अर्थ

जेटमधून, म्हणजे बर्नरखालच्या बारीक छिद्राच्या तोटीतून, वेगाने सुटणारा गॅस बर्नरच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो आणि हे मिश्रण छिद्रांतून बाहेर पडून जळते. हवा पुरेशी मिळाली तर ज्योत निळी, ठाशीव आणि स्थिर असते. छिद्रे बुजली, नळीत धूळ, कोळ्याचे जाळे किंवा झुरळ अडकले, तर हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि ज्योतीचे शेंडे पिवळे होतात. भांड्याला लागणारी काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. अशा अर्धवट ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. थंडीत दारे-खिडक्या बंद करून स्वयंपाक करणाऱ्यांनी पिवळ्या ज्योतीकडे केवळ भांडी घासण्याचा प्रश्न म्हणून पाहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

बर्नर स्वच्छ करण्यासाठी तो पूर्ण गार झाल्यावर काढावा, गरम पाण्यात लिंबाचा रस घालून काही वेळ भिजत ठेवावा आणि छिद्रे टाचणीने किंवा बारीक तारेने एकेक करून मोकळी करावीत. त्यानंतर तो अगदी कोरडा करूनच परत बसवावा, कारण आत राहिलेल्या पाण्याने ज्योत फडफडते. लहान-मोठ्या बर्नरच्या टोप्यांची अदलाबदल करू नये आणि टोपी तिच्या खोबणीत नीट बसली आहे की नाही, हे पाहावे. ती तिरकी बसली तर कधीकधी "फट्" असा आवाज होऊन ज्योत छिद्रांऐवजी आत नळीतच जळू लागते. तसे झाल्यास नॉब लगेच बंद करून, बर्नर गार होऊ देऊन, टोपी पुन्हा बसवावी.

मात्र टाचणीने छिद्रे साफ झाली म्हणून त्याच टाचणीने खालचे जेटही टोकरण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि ही चूक महागात पडते. जेटच्या छिद्राचे माप ठरलेले असते. टोचल्याने ते थोडे जरी मोठे झाले, तरी गॅस जास्त सुटतो, हवेचे प्रमाण बिघडते आणि ज्योत पूर्वीपेक्षाही पिवळी होते. जेट, हवेची झडप आणि घट्ट झालेला नॉब ही तीन कामे शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्यावीत. नॉब फिरेनासा झाला की त्यात खोबरेल तेल सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ते तेल आतले ग्रीस धुऊन काढते आणि त्यामुळे नॉबच्या दांड्याजवळून गॅस झिरपण्याचा धोका निर्माण होतो.

आच मंद झाली म्हणजे टाकी संपलीच असे नाही

एकच बर्नर मंद जळत असेल आणि दुसरा नेहमीसारखा पेटत असेल, तर दोष त्या बर्नरच्या जेटमध्ये किंवा कॉकमध्ये (नॉबने उघडमीट होणाऱ्या झडपेत) आहे. दोन्ही बर्नर एकदम मंदावले असतील, तर नळी कुठे दुमडली आहे का ते आधी पाहावे, मग रेग्युलेटरवर शंका घ्यावी आणि त्यानंतर टाकी संपत आल्याचे मानावे. टाकीत किती गॅस उरला आहे, हे पाहण्याचा जुना उपाय खरोखर उपयोगी आहे. ओल्या फडक्याने सिलिंडर एकदा वरपासून खालपर्यंत पुसावा. जिथवर आत द्रवरूप गॅस आहे, तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो.

गॅस संपत आला की टाकी हलवणे, तिरकी करणे, आडवी पाडणे किंवा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणे, हे सर्व प्रकार थांबवले पाहिजेत. सिलिंडर उभा असताना वरच्या भागात साठलेला वायूच तेवढा रेग्युलेटरमध्ये जातो. तो आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे 250 पट वाढते, म्हणजे शेगडीला पेलणार नाही इतका गॅस क्षणात नळीत येतो. थंडीच्या दिवसांत आच मंद होते ती मात्र टाकीच्या दोषामुळे नव्हे. घरगुती गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, तर ब्युटेन उणे 0.5 अंशाच्या आसपास, त्यामुळे हवा गार झाली की वायू तयार होण्याचा वेग कमी होतो. दोन्ही बर्नर मोठे ठेवून बराच वेळ पदार्थ शिजवला की टाकीच्या अंगावर दव जमते, कारण द्रवाचा भराभर वायू होताना टाकी गार पडते. थोडा वेळ एकच बर्नर वापरला की दाब पूर्ववत होतो.

टाकी बदलतानाची घाई

गेल्या गणेशोत्सवात मोदकपात्र शेगडीवर असतानाच टाकी संपली. घाईने नवी टाकी लावली आणि रेग्युलेटर सुरू करताच मंद सुसकाऱ्यासारखा आवाज आला, पाठोपाठ वासही आला. रेग्युलेटर लगेच बंद करून काढला, तर सिलिंडरच्या तोंडातला काळा रबरी वॉशर जागेवर नव्हताच. तेव्हा घरातल्या एकाने सुचवलेला उपाय आपल्याकडे फार रूढ आहे, तो म्हणजे रिकाम्या टाकीतला वॉशर पिनेने उचकटून नव्या टाकीत बसवणे. तो आम्ही केला नाही. जुना वॉशर चिरलेला किंवा दबलेला असू शकतो आणि पिनेने काढताना त्याची कड हमखास दुखावते. तोंडावर दोरीची प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवली, टाकी गच्चीवर मोकळ्या हवेत नेऊन ठेवली आणि वितरकाला कळवले. मोदक शेजाऱ्यांच्या शेगडीवर उकडले.

खरे तर ही वेळ टाकी घरात घेतानाच टळली असती. टाकी घेताना तिची टोपी काढून वॉशर पाहावा आणि तोंडावर थोडे पाणी टाकून बुडबुडे येतात का, हे टाकी आणणाऱ्याकडून तपासून घ्यावे. वजनही करून घ्यावे. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेल्या घरगुती टाकीचे वजन येते. टाकीच्या कड्याजवळच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक रंगवलेले असतात. ती गॅसची मुदत असल्याचा गैरसमज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ती त्या लोखंडी टाकीची पुढची तपासणी केव्हा व्हायची आहे, याची खूण असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च आणि त्याच क्रमाने डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती वेळ उलटून गेलेली टाकी घेऊ नये.

नवी टाकी लावण्यापूर्वी दोन्ही नॉब बंद आहेत, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली आहे आणि खिडकी उघडी आहे, एवढे पाहावे. लावून झाल्यावर साबणाचे पाणी बोटाने रेग्युलेटरच्या कडेला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावे. गळती असेल तर तिथे फेसाचा फुगा हळूहळू मोठा होताना स्पष्ट दिसतो. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे आजही आहेत. काडीने गळती सापडते ती आग लागल्यावरच.

वास आला तर

या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, म्हणून वास आला की तो इशारा समजावा. अशा वेळी हात सवयीने आधी दिव्याच्या बटणाकडे किंवा धुराडी पंख्याकडे जातो आणि नेमकी हीच चूक घातक ठरते. बटण चालू करताना जशी ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. म्हणून जे बंद आहे ते बंद राहू द्यावे आणि जे चालू आहे ते चालू राहू द्यावे. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि बाहेर गेल्यावर 1906 या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, तर जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साचून राहतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. हवेत त्याचे प्रमाण साधारण 2 टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो.

याच कारणासाठी सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा झरोका नसलेल्या कपाटात ठेवू नये, शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंचावर असावी आणि ती जमिनीवर मांडून स्वयंपाक करू नये. मुंबई, ठाणे, पुणे येथे ज्या घरांत नळाने गॅस येतो, तेथे गणित उलटे असते. तो मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. त्याचे जेटही वेगळे असते. नळाच्या गॅसची शेगडी गावी नेऊन तिला परस्पर टाकी जोडली, तर मोठ्या छिद्रांतून गॅस अतोनात सुटून ज्योत भडकते. जोडणी बदलताना जेट बदलून घेणे अनिवार्य आहे.

रबरी नळीबद्दल थोडक्यात सांगतो. आत तारेचे जाळे असलेली, मान्यताप्राप्त नारिंगी 'सुरक्षा' नळी वापरावी, ती दीड मीटरपेक्षा लांब असू नये आणि तिच्यावर छापलेले वर्ष पाहून 5 वर्षांनी बदलावी. तिला शोभेचे कापडी आवरण घालू नये, कारण चिरा आणि उंदरांच्या दातांच्या खुणा त्याखाली झाकल्या जातात.

आच मोठी म्हणजे काम लवकर, हा समज

पाणी एकदा उकळले की त्याखालची आच कितीही वाढवली, तरी त्याचे तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. भाजी, आमटी किंवा चहा उकळू लागल्यानंतर मोठी ठेवलेली आच फक्त वाफ करण्यात खर्ची पडते. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन कडांवर चढत असेल, तर तेवढा गॅस स्वयंपाकघर तापवण्यासाठी जळतो आहे, असे समजावे. लहान पातेले लहान बर्नरवर ठेवावे, झाकण घालावे आणि डाळ, छोले, राजमा आधी भिजवावेत. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, म्हणूनच त्यात डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद केली तरी तो दाब टिकतो.

मंद आचेवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत जाणे ही मात्र मला सर्वांत धोक्याची सवय वाटते. दूध उतू जाऊन ज्योत विझते, नॉब उघडाच राहतो आणि आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. पंख्याच्या वाऱ्यानेही असेच घडते. विझलेला बर्नर दिसला तर लगेच लायटर मारू नये. नॉब बंद करावा, खिडकी उघडावी आणि वास पूर्ण गेल्यावरच पुन्हा पेटवावे. काडी वापरत असाल तर आधी काडी पेटवून मग नॉब फिरवावा. काम संपल्यावर, झोपताना आणि गावाला जाताना केवळ नॉबवर विसंबू नये. रेग्युलेटर बंद केला म्हणजे नळीत येणारा गॅसच थांबतो.

दिवाळीत चकल्या-अनारसे तळताना कढई काठोकाठ भरू नये आणि तेलातून धूर येऊ लागताच आच कमी करावी. तरीही तेलाने पेट घेतला, तर पाणी मुळीच टाकू नये, कारण ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. कढई उचलून मोरीकडे नेण्याचा प्रयत्नही करू नये. नॉबपर्यंत हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर तो बंद करावा आणि कढईपेक्षा मोठे सपाट झाकण किंवा परात बाजूने सरकवत तिच्यावर पूर्ण झाकावी. ज्योत दिसेनाशी झाली तरी झाकण लगेच उचलून पाहू नये. कढई हाताला गार लागेपर्यंत ते तसेच राहू द्यावे, कारण आतले तेल अजून तापलेले असते आणि हवा मिळताच पुन्हा पेट घेते.