बोलेरो पिकअपमध्ये हॅम रेडिओ बसवायचा तर आधी वायर आणि अँटेना नीट करा

आमच्या औसा तालुक्यात हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन हौशी लोक वापरतात तो वायरलेस, म्हटलं की जुन्या माणसांना किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, फोन बंद पडले, तेव्हा हॅमवाले सेट घेऊन मदतीला आले होते. मला पण तेच डोक्यात होतं, म्हणून पिकअपमध्ये दोन मीटर बँडचा ५० वॅटचा सेट बसवायला घेतला आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा केला. करंट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतला. ऐकू सगळं छान येतंय पण हाय पॉवरवर बोलायला बटण दाबलं की सेट बंद! सेट खराब निघाला म्हणून दुकानदाराला उगीच दोन शब्द बोललो, त्यात चूक माझीच होती.

सुरू करायच्या आधी एक बघून घ्या, लायसन्स पाहिजेच, विनापरवाना बोलणं गुन्हा आहे. आणि लायसन्सात किती पॉवर आणि गाडीतून वापरायचं काय लिहिलंय ते वाचा, सेटमध्ये ५० वॅट आहेत म्हणून ५० वापरायचेच असं नाही. आपल्याकडं दोन मीटर बँड म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ.

आता वायरिंग. ५० वॅटवर सेट १०-१२ अँपिअर ओढतो, म्हणून वायर थेट बॅटरीपासूनच आणायची. मी ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची घेतली. ४ ची पण चालते पण बॅटरीपासून सेटपर्यंत ५ मीटर धरले तर जाऊन-येऊन १० मीटर होतात, १२ अँपिअरला ४ च्या वायरीत साधारण अर्धा व्होल्ट असाच जिरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, सेटजवळ नाही, कारण मधे कुठं वायर घासून बॉडीला टेकली तर फ्यूज आधी असला तरच तो उडणार, नाहीतर वायर पेटणार. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर काढताना रबर ग्रोमेट घालाच. आमच्या एका इलेक्ट्रिशियनने नुसती टेप गुंडाळली, म्हणला काय होत नाही, आणि सहा महिन्यात टेप घासून तांबं दिसायला लागलं. आपले रस्ते माहितीयेत ना! मायनसची वायर बॅटरीजवळच्या बॉडी बोल्टला, रंग खरवडून, थिंबल लावून घट्ट. डॅशच्या कुठल्यापण स्क्रूला अडकवू नका.

सगळा खेळ खरं तर अँटेनाचा आहे. १४५ मेगाहर्ट्झसाठी क्वार्टर वेव्ह, म्हणजे रेडिओ लहरीच्या पाव लांबीची, जवळपास ४९ सेंटिमीटरची काडी, पण ती एकटी चालत नाही, तिला खाली पत्रा लागतो, आणि पिकअपचं केबिनचं टप म्हणजे आयता पत्रा. म्हणून टपाच्या मधोमध लावा. बंपरवर, मागच्या फाळक्यावर लावलेल्या बघितल्यात, एका बाजूला ऐकू येतं आणि दुसऱ्या बाजूला मुकं. टपावर लोखंडी कॅरिअर असेल तर तो काढा, नाहीतर काडी त्याच्यापासून जमेल तेवढी लांब ठेवा. आणि आपल्याकडं कडबा भरला की ढीग केबिनच्या वर जातो, पेंढ्या अँटेनाला टेकतात, तेव्हा बोलणं टाळा नाहीतर काडी काढून ठेवा.

मॅग्नेट बेस की भोक? टपाला भोक पाडायला जीव होत नाही, माझा पण झाला नव्हता. मॅग्नेटवाली लावली तर खाली धूळ बसते आणि रंगावर रेघा पडतात, महिन्यातून एकदा उचलून पुसावं लागतं. मी शेवटी भोकच पाडलं, एकदा शेताच्या बांधावरच्या बाभळीनं बेससकट काडी ओढून खाली पाडली त्याच्यानंतर. भोक पाडलं की कडेला रंग आणि सिलिकॉन लावा, नाहीतर पहिल्या पावसात टपाला गंज. भोक पाडायच्या आधी आतलं अस्तर खाली घेऊन बघा, तिथं पट्टी किंवा लाइटची वायर असते.

सेटपासून अँटेनापर्यंतची केबल आरजी-५८ (बारीक कोअॅक्स केबल) असेल तर लागेल तेवढीच ठेवा, उरलेली सीटखाली गुंडाळून ठेवायची सवय सोडा, तिच्यातच सिग्नल जिरतो. दार बंद होताना केबल चेपते, ते पण बघा.

मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, आकडा जितका १ च्या जवळ तितका चांगला) लावून १४४, १४५, १४६ तिन्ही ठिकाणी कमी पॉवरवर बघा. १४४ ला कमी आणि १४६ ला जास्त आला म्हणजे काडी लांब झालीय, दोन-तीन मिलिमीटर कापून परत बघा, उलट आला तर आखूड झालीय आणि आखूड झालेली काडी काही वाढत नसती, म्हणून हळूच. आकडा १.५ च्या खाली आला की काडीला परत हात लावू नका. काडीला हात लावून कोणी उभं असताना बटण दाबू नका.

बोलताना अॅक्सिलेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज समोरच्याला जात असेल तर तो बहुतेक अल्टरनेटरचा असतो. आधी मायनसची जोडणी परत घासून घट्ट करा, माझं त्याच्यातच गेलं. आणि मे महिन्यात गाडी उन्हात लावली तर सेटचं डोकं (पुढचं सुटणारं बटणांचं पॅनेल) काढून खाली ठेवा, काचेमागं डॅश तापून लाल होतो. रात्री सेट बंद करायला विसरू नका, मी दोन रात्री चालू ठेवला आणि सकाळी पोरांना गाडी ढकलायला लावली.