एजंटमार्फत जुना फ्लॅट घेताना आणि विकताना

सोसायटीतील जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट घेणाऱ्यांपैकी आणि विकणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाठ कधी ना कधी एजंटशी पडतेच. एजंटला दोन टक्के दलाली का द्यायची, असा प्रश्न अनेकांना पडतो. चांगला एजंट त्या पैशांच्या मोबदल्यात खरे काम करतो: गिऱ्हाईक आणतो, भाव जुळवतो, अडलेली बोलणी पुन्हा सुरू करतो आणि नोंदणीच्या दिवशी दोन्ही पक्षांना वेळेवर हजर करतो. कागद तपासणे मात्र त्याचे काम नाही. ते आपण त्याच्यावर सोडून देतो, आणि माझ्या पाहण्यातील बहुतेक तंटे तिथूनच सुरू झाले आहेत.

एजंट निवडताना त्याचा महारेरा (म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक विचारावा. तो ‘ए’ या अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर नाव व मुदतीसह पडताळता येतो. 2023 पासून महाराष्ट्रात या नोंदणीसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक झाली आहे. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 2016 च्या रेरा कायद्यातील एजंटविषयीची तरतूद नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीला लागू होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधून पूर्ण झालेल्या सोसायटीतील फ्लॅटचा व्यवहार सहसा त्या चौकटीबाहेर राहतो, त्यामुळे एजंटविरुद्ध महारेराकडे तक्रार करण्याचा मार्ग तिथे गृहीत धरता येत नाही. अशा व्यवहारात आपल्याला आधार असतो तो एजंटशी झालेल्या लेखी ठरावाचाच.

हा ठराव एका पानाचा असला तरी चालतो, पण तो पहिला फ्लॅट दाखवण्यापूर्वी व्हावा. दलाली किती टक्के, ती कोणत्या रकमेवर, जीएसटी त्यात धरलेला की वेगळा, आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, हे त्यात लिहावे. साधारणपणे प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के मागितले जातात. निम्मी रक्कम साठेखताच्या (विक्रीच्या कराराच्या) नोंदणीनंतर आणि निम्मी सोसायटीतील हस्तांतर पूर्ण झाल्यावर, अशी विभागणी मला सर्वांत रास्त वाटते, कारण नोंदणी झाली की अनेक एजंटांचा उत्साह मावळतो आणि सोसायटीतील हस्तांतराचे काम मागे पडते. तो समोरच्या पक्षाकडूनही दलाली घेणार आहे का, हेही स्पष्ट विचारून लिहून घ्यावे. दोन्हीकडून घेणे ही आपल्याकडची रूढ पद्धत आहे; मात्र अशा एजंटला आपली शेवटची रक्कम सांगू नये, एवढे भान ठेवावे. विकणाऱ्याला न सांगता एजंटने स्वतःच व्यवहारात भाग घेतला, तर त्यातील त्याचा फायदा मागण्याचा हक्क 1872 च्या करार कायद्याने विकणाऱ्याला दिलेला आहे.

विकणाऱ्याने भाव ठरवण्यापूर्वी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा एका पानाचा गोषवारा, वाचायला शिकावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत आपल्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांची ही सूची क्रमांक दोन पाहता येते. त्या एका पानावर विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त करून देणारा आणि घेणारा, नोंदणीची तारीख आणि भरलेले मुद्रांक शुल्क असे सगळे ओळीने असते. ‘मोबदला’ म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची दस्तात लिहिलेली रक्कम आणि ‘बाजारभाव’ म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्याप्रमाणे निघणारी किंमत. शुल्क या दोहोंपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते. अशी चार-पाच पाने समोर ठेवून एजंटशी बसले, की भावाची चर्चा अंदाजावरून नोंदींवर येते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत तर दोन्ही पक्षांनी अधिकच सावध असावे. जाहिरातीत ‘950 चौरस फूट, 85 लाख’ असे लिहिलेले असते. ऐकणाऱ्याच्या मनात चौरस फुटाला सुमारे 8,950 रुपये असा हिशेब होतो. मूळ करारनामा उघडला तर त्यात चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतले वापराचे क्षेत्र, 63.5 चौरस मीटर निघते. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, म्हणून हा फ्लॅट प्रत्यक्षात 683 चौरस फुटांचा आहे आणि दर पडतो सुमारे 12,400 रुपये. 950 हा ‘सेलेबल’ आकडा असतो, ज्यात जिना, लॉबी आणि बरेच काही मिळवलेले असते. दोन फ्लॅटांची तुलना फक्त करारनाम्यातील चटई क्षेत्रावरच करावी.

फ्लॅट किती एजंटांकडे द्यावा, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. पुण्यातील आमच्या एका नातलग काकूंनी आपला फ्लॅट सात एजंटांना सांगितला होता. महिनाभरात तो निरनिराळ्या संकेतस्थळांवर तीन वेगवेगळ्या किमतींना झळकू लागला, आणि पाहायला येणारा प्रत्येक जण सर्वांत कमी किमतीचा आकडा मोबाइलवर दाखवू लागला. शेवटी त्यांना तोच आकडा मान्य करावा लागला. एक किंवा फार तर दोन एजंट, साठ दिवसांची मुदत आणि जाहिरातीत लिहायची किंमत लेखी ठरवलेली, एवढे पुरेसे होते. किल्ली एजंटकडे ठेवायचीच असेल तर वीजमीटरची नोंद आणि घरातील वस्तूंची यादी करून ठेवावी, आणि कागदांच्या फक्त छायाप्रती द्याव्यात, त्याही ‘केवळ विक्रीच्या बोलणीसाठी’ असा शेरा मारून.

विकणाऱ्याची फाइल गिऱ्हाईक येण्याआधीच तयार असावी: बिल्डरपासून आपल्यापर्यंतचे सगळे साखळी करार, भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचे आणि ताब्यातील मूळ कागदांच्या यादीचे पत्र आणून ठेवावे. कर्ज असल्यामुळे व्यवहार अडत नाही, कर्ज लपवल्यामुळे अडतो.

आता घेणाऱ्याच्या बाजूचा सर्वांत नाजूक क्षण, म्हणजे टोकन किंवा विसार, व्यवहार पक्का करण्यासाठी आधी द्यायची रक्कम. मी स्वतः या क्षणी चुकलो आहे. फ्लॅट आवडला होता, आणि एजंट म्हणाला, “साहेब, संध्याकाळी दुसरी पार्टी येते आहे, आत्ता एक्कावन्न हजार देऊन टाका.” मी चेक दिला. मिळालेल्या पावतीवर रक्कम, तारीख आणि सही होती, पण व्यवहार फिसकटला तर पैसे परत कधी आणि कोणी द्यायचे, याचा शब्दही नव्हता. पुढे कळले की फ्लॅट मालकाच्या वडिलांच्या नावावर होता, ते हयात नव्हते आणि बहिणीने आपला वाटा सोडल्याचे हक्कसोड पत्र केलेले नव्हते. व्यवहार सोडावा लागला आणि ते पैसे परत मिळवायला मला पाच महिने लागले.

त्यामुळे विसार पावती एजंटच्या नावाने न घेता मालकाच्या सहीने घ्यावी आणि चेकही मालकाच्याच नावाने द्यावा. सर्व सहमालकांची नावे, ठरलेली एकूण किंमत, साठेखत कधीपर्यंत करायचे ती तारीख, आणि ‘मालकीहक्कात दोष आढळल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. हे वाक्य लिहायला जो मालक तयार नाही, त्याचा फ्लॅट कितीही आवडला तरी सोडावा. रोख रकमेचा आग्रह झाला तर स्पष्ट नकार द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि जे पैसे दस्तात दिसत नाहीत ते परत मागताही येत नाहीत.

विसारानंतर वकील आपण शोधावा. एजंट ‘आपलेच वकील आहेत’ असे म्हणतो ते सोयीसाठी, पण त्या वकिलाला पुढचे कामही त्याच एजंटकडून मिळणार असते. वकिलाकडून फ्लॅटच्या मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. मालक निवर्तले असतील तर केवळ नामनिर्देशनावर विसंबू नये. सोसायटीच्या दप्तरी नाव लागलेली नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते, एवढ्याने ती मालक ठरत नाही. जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतर) सोसायटीच्या नावे झाले आहे का, हेही विचारावे, विशेषतः जिथे पुनर्विकासाची चर्चा चालू आहे तिथे.

पैशांचा पूर्ण हिशेब आधीच कागदावर मांडावा. पुणे शहरात 85 लाखांच्या फ्लॅटवर 7 टक्क्यांनी 5,95,000 रुपये मुद्रांक शुल्क, 30,000 रुपये नोंदणी शुल्क, दोन टक्क्यांनी 1,70,000 रुपये दलाली आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर तिच्यावर आणखी 30,600 रुपये, म्हणजे किमतीव्यतिरिक्त 8,25,600 रुपये लागतात. मुंबईत शुल्काचा दर 6 टक्के आहे. खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, कापून सरकारकडे भरायचा असतो. विकणारा परदेशी स्थायिक असेल तर ही कपात बरीच जास्त असते, म्हणून तिथे आधी सनदी लेखापालाला भेटावे.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी करणे उत्तम. त्या दिवशी मसुद्याचे प्रत्येक पान स्वतः वाचावे. फ्लॅट क्रमांक, चटई क्षेत्र आणि पार्किंगचा उल्लेख यांवर बोट ठेवून पाहावे.

ताबा घेताना ताबा पावती करावी आणि त्याच दिवशीचे वीजमीटरचे वाचन तिच्यावर लिहावे. सोसायटी हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे सभासदत्व बदलण्याचे शुल्क, मागेल. महानगरपालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे आणि ‘देणगी’ म्हणून त्याहून अधिक मागण्याचा सोसायटीला अधिकार नाही. हा खर्च कोणी करायचा हे साठेखतातच लिहिलेले असावे. भागदाखल्याच्या मागील बाजूस आपले नाव चढून तो हाती आला, की मग एजंटला दलालीचा उरलेला हप्ता चेकने द्यावा आणि बिल घ्यावे. विकणाऱ्याने तर ते जपूनच ठेवावे, कारण भांडवली नफा मोजताना दलाली विक्रीच्या रकमेतून वजा करता येते.