सांगली-मिरजेत विनामूल्य मासिक सुरू करताना: नाव, नोंदणी आणि वाटप

विनामूल्य मासिक काढायचे मनात आले की बहुतेक जण सर्वांत आधी नाव शोधायला बसतात. आम्हीही तेच केले होते. नाव ठरले, त्याचे बोधचिन्ह तयार झाले, त्या नावाची कार्डे छापून व्यापाऱ्यांना वाटली गेली आणि मग नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा ते नाव आधीच्या एका नियतकालिकाच्या नावाशी मिळतेजुळते असल्यामुळे नामंजूर झाले. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे की, आधी मासिकाचा परिसर ठरवावा, त्या परिसराला शोभतील अशी चार-पाच नावे काढावीत, त्यांतले एक नोंदवून घ्यावे आणि नोंदणी हातात आल्यावरच त्या नावावर पैसे खर्च करावेत.

परिसर ठरवणे आपल्याकडे वाटते तितके सोपे नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकच महानगरपालिका १९९८ साली झाली, परंतु मिरजेचा माणूस अजूनही स्वतःला मिरजकरच म्हणवतो. नावात ‘सांगली’ किंवा ‘सांगलीकर’ हा शब्द घातला, तर तो अंक मिरजेच्या दवाखान्यांत ठेवता येईल, पण मिरजेचा सराफ त्याला आपला मानून जाहिरात देईलच असे नाही. उलट, तुमचा वाचक खरोखर गणपती पेठ ते विश्रामबाग एवढ्याच पट्ट्यात राहणारा असेल, तर उगाच ‘दक्षिण महाराष्ट्र’ असा मोठा शब्द वापरू नये, कारण तासगावचा किंवा विट्याचा वाचक तो अंक चाळून आपल्या गावाचे काही शोधेल आणि ते त्याला सापडणार नाही. अंक ज्या ठिकाणी ठेवायचा आहे, त्या जागांची यादी कागदावर लिहून काढावी. त्या यादीचा जो परिसर दिसेल, तोच मासिकाचा परिसर होय, आणि नावाने त्याहून मोठे आश्वासन देऊ नये.

आता प्रत्यक्ष नावाकडे वळू. कृष्णा, संगम, हळद, रंगभूमी हे शब्द येथे प्रत्येकालाच सुचतात आणि त्याला कारणही आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिले नाटक सादर केले, तेव्हापासून या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणि कृष्णा-वारणेचा संगम हरिपुरात, म्हणजे संध्याकाळच्या फेरफटक्याच्या अंतरावर आहे. पण जे सर्वांना सुचते ते आपल्या आधी कोणी तरी घेतलेले असण्याचा संभव अधिक, आणि दुकाने, पतसंस्था, मंगल कार्यालये यांच्या पाट्यांवर तेच शब्द असल्यामुळे वाचकाच्या मनात त्या मासिकाची वेगळी खूण उमटत नाही. जीवनशैलीच्या मासिकाने घराच्या, रस्त्याच्या, बसण्याउठण्याच्या शब्दांकडे जावे असे मला वाटते. ओसरी, पेठ, पार, अंगण असे शब्द लहान आहेत, सर्वांना कळतात आणि त्यांत माणसे एकत्र येण्याची कल्पना आधीच आहे. (ही केवळ उदाहरणे आहेत; ती उपलब्ध आहेत की नाहीत हे ज्याने त्याने तपासावे.)

मराठी नावाची एक परीक्षा मी नेहमी घेतो, ती म्हणजे त्याला विभक्तीचे प्रत्यय लावून पाहणे. मासिकाचे नाव लोक सुटे कधीच उच्चारत नाहीत. ‘ओसरीत वाचले’, ‘या महिन्याची ओसरी आली का?’, ‘पेठेत आपली जाहिरात आहे’ ही वाक्ये सहज तोंडात बसतात, तर तीन इंग्रजी शब्द जोडून केलेल्या नावाला ‘मध्ये’ आणि ‘वाल्यांनी’ लावत बोलावे लागते आणि महिन्याभरात लोक त्याचे स्वतःच काही तरी लघुरूप करून टाकतात. दुसरे असे की, शब्दाच्या भोवती कोणते वाक्प्रचार आहेत हे पाहावे. ‘घाट’ हा शब्द कृष्णाकाठच्या गावाला किती शोभतो! तरी ‘कसला घाट घातला आहे’ या बोलण्यातला संशय त्याला चिकटलेला आहे, आणि २०१९ च्या महापुरानंतर येथे नदीकाठच्या शब्दांना हळुवारपणेच हात लावावा. तिसरी परीक्षा डोळ्यांची: नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत मांडून सहा-सात फुटांवरून पाहावे. वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांची गर्दी असलेल्या नावाला वर-खाली जास्त जागा लागते आणि अक्षर लहान करावे लागते. स्वागतकक्षातल्या टेबलावर इतर कागदांखाली अर्धवट झाकलेल्या अंकाचे नाव मग दिसतच नाही. शेवटी ते नाव फोनवरून एखाद्या वयस्कर दुकानदाराला सांगावे. त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही, तर नाव चालण्यासारखे आहे.

नोंदणीच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे, की अंकाला किंमत नसेल तर नोंदणीची गरज नाही. १८६७ चा जुना कायदा जाऊन वृत्तपत्रे व नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे, आणि ठरावीक काळाने छापून निघणारे, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य असलेले प्रकाशन त्यात येते. त्याच्या किमतीचा तेथे प्रश्नच नाही. आपल्या मासिकात फक्त पाककृती आणि सजावट असते, असे म्हणून यातून बाहेर राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण गावातला एखादा कार्यक्रम, रस्ता किंवा बाजारपेठ यांवर लिहिल्याशिवाय स्थानिक मासिक निघूच शकत नाही. अर्ज प्रेस सेवा पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर होतो. शीर्षक आणि नोंदणी यांसाठी पूर्वी वेगवेगळे टप्पे होते, आता दोन्ही एकाच अर्जात मागता येतात. अर्जाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि त्यांना आपले म्हणणे कळवण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते, म्हणून पहिल्या अंकाची तारीख ठरवताना निदान चार महिने हातात ठेवावेत. मुद्रकालाही आपली माहिती ऑनलाइन द्यावी लागते. त्यामुळे छापखाना निवडताना दराबरोबरच त्याने ही पूर्तता केली आहे का, हेही विचारावे.

नाव मिळण्याचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा आपल्या राज्यात कोणत्याही भाषेत, दुसऱ्या मालकाचे तेच किंवा तत्सम शीर्षक असेल तर आपल्याला ते मिळत नाही. म्हणजे बेळगावात त्या नावाचे मराठी मासिक असेल तरी अडचण, आणि मुंबईत त्या नावाचे गुजराती साप्ताहिक असेल तरी अडचण. जुन्या नावापुढे ‘नवी’ किंवा गावाचे नाव जोडून ते वेगळे ठरेल, असे धरून चालू नये. शीर्षक मिळाले म्हणजे व्यापारचिन्ह मिळाले असेही नाही. छापील साहित्यासाठी व्यापारचिन्हाचा १६ वा वर्ग आहे, आणि नावावर पुढे दिवाळी मेळावे किंवा प्रदर्शने भरवायची असतील तर व्यापारचिन्हाचाही अर्ज वेळेत करावा.

पैशाचे गणित आधी मांडावे, कारण विनामूल्य अंकाचा सगळा खर्च जाहिरातींच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. मध्ये पिन मारून बांधायच्या अंकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात. समजा मुखपृष्ठासह ३६ पाने आणि ३,००० प्रती काढायच्या आहेत आणि छपाई प्रतीमागे २० रुपये पडते. तर छपाईचेच ६०,००० रुपये झाले. एक तृतीयांश पाने, म्हणजे १२ पाने, जाहिरातींना दिली आणि सरासरी दर ५,००० रुपये ठेवला, तर तेवढेच ६०,००० जमतात आणि मांडणीकार, छायाचित्रकार, लेखक आणि वाटप करणारा मुलगा यांच्यासाठी काहीच उरत नाही. दर ८,००० करता आला तर ३६,००० रुपये उरतील. तो करता येत नसेल तर प्रती कमी कराव्यात, पण जाहिरातींची पाने वाढवू नयेत; निम्म्याहून अधिक जाहिराती असलेला अंक माणूस पत्रकासारखा बाजूला ठेवतो आणि मग त्याच जाहिरातींचा उपयोग होत नाही. जाहिरातदाराला प्रतींचा खरा आकडा सांगावा आणि मागितल्यास छापखान्याचे बिल दाखवावे.

मिरज हे वैद्यकीय व्यवसायाचे गाव असल्यामुळे उपचारांच्या जाहिराती भरपूर येतील. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात छापणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात प्रकाशित करण्यात भाग घेणाराही येतो. अशी जाहिरात कितीही मोठ्या रकमेची असली तरी परत करावी. पैसे घेऊन लिहिलेल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ हा शब्द स्पष्ट छापावा. भडंगाच्या दुकानावरचा लेख आणि भडंगाच्या दुकानाची जाहिरात यांतला फरक वाचकाला कळलाच पाहिजे.

मजकुराबद्दल मी एवढेच म्हणेन की पुण्या-मुंबईच्या दुकानांची नक्कल येथे कोणी वाचणार नाही. मिरजेत भोपळ्याची सतार घडवणाऱ्या कारागिरांच्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या घरातली सकाळ कशी असते, हे लिहिणारे मासिक दुसरे कोण काढणार? बेदाण्याच्या हंगामातले तासगाव, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, भावे नाट्यमंदिरातल्या प्रयोगानंतरचे रात्रीचे जेवण, ही आपली जीवनशैली आहे.

पहिला अंक दिवाळीला काढू नये. त्या वेळी वाचकाच्या हाती दिवाळी अंक असतात आणि व्यापाऱ्याचे जाहिरातीचे पैसे आधीच ठरलेले असतात. गुढीपाडव्याला सुरुवात केली तर गणपतीपर्यंत पाच-सहा अंक लोकांच्या पाहण्यात येतात आणि दसरा-दिवाळीच्या जाहिराती मागताना हातात दाखवायला काही असते. वाटपासाठी सुरुवातीला साठ-सत्तर जागा पुरेत: दवाखाने, केशकर्तनालये, वाचनालये, नाट्यगृहे, उपाहारगृहे. प्रत्येक जागी ठेवलेल्या आणि पुढच्या महिन्यात उरलेल्या प्रतींची वही ठेवावी. जेथे सलग दोन महिने निम्म्या प्रती उरतात तेथील संख्या कमी करावी, आणि जेथे आठवड्यात संपतात तेथे ती वाढवून, त्या दुकानदाराला अंक कोण नेते हे स्वतः जाऊन विचारावे.