घराची मांडणी आणि अंगदुखी : या चुका टाळा

पाठ किंवा मान दुखू लागली की आपण आधी वयाला, मग वजनाला आणि शेवटी गादीला दोष देतो. ज्या घरात आपण रोज उठतो, बसतो, वाकतो आणि राबतो, त्या घराच्या मांडणीचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक आपण किती हालचाल करतो, हे आपल्या निश्चयापेक्षा भोवतालच्या रचनेवर अधिक ठरते. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा केलेला अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. वाहक वेगळा व्यायाम करतात म्हणून हा फरक दिसला नव्हता. त्यांच्या कामाची जागाच त्यांना चालवत होती. आपली घरे मात्र आपण नेमकी उलट्या दिशेने सजवत चाललो आहोत.

ओटा न मोजता त्याच्याशी जुळवून घेणे

सर्वांत जास्त दुर्लक्षित चूक स्वयंपाकघरात होते. बांधून मिळालेला ओटा बहुधा ३२ ते ३४ इंच उंच असतो आणि घरातील प्रत्येकाने त्याच उंचीवर काम करावे, असे गृहीत धरले जाते. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर, उभे असताना, जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येते. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या दोन ते चार इंच खाली असला तरी चालतो. पण कणीक मळणे किंवा पोळ्या लाटणे यांसारख्या जोर लावण्याच्या कामाला तो बराच खाली, आठ इंचांच्या आसपास, असायला हवा. ओट्यावर पोळपाट ठेवला की आणखी दीड-दोन इंच वाढतात. मग लाटताना वरून भार देता येत नाही, खांदे कानांकडे चढतात आणि विसाव्या पोळीपर्यंत मानेपासून पाठीच्या वरच्या भागापर्यंत ओढ बसू लागते. शेगडीवरच्या उंच पातेल्यातील भाजी ढवळताना तर हात कोपराच्याही वर जातो.

उपाय खर्चिक नाही. दंड अंगालगत ठेवून, कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासूनची उंची मोजावी आणि मळण्या-लाटण्याचे काम ओट्यावरून काढून कमी उंचीच्या, न डगमगणाऱ्या टेबलावर न्यावे. पाटावर उभे राहून ओटा ‘ठेंगणा’ करण्याची युक्ती मी सुचवणार नाही. हातात गरम पातेले असताना पाटावरून पाय निसटणे हा पाठदुखीपेक्षा मोठा धोका आहे. सिंकची अडचण याच्या उलट आहे. त्याचा तळ ओट्याच्या सात-आठ इंच खाली असल्याने भांडी घासताना कंबर वाकलेलीच राहते. तळाशी एखादी भक्कम जाळी किंवा पालथे घमेले ठेवून त्यावर भांडी घासली, तर हे वाकणे बरेच कमी होते. भांडी घासून झाल्यावर दुखणे कमरेत असेल तर सिंक तपासावे, पोळ्या झाल्यावर खांद्यांत असेल तर ओटा.

जमीन एकदम सोडून देणे

मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून निवडणे आणि पुन्हा उठणे यांत मांड्या, नितंब आणि घोटे यांना रोज काम मिळत असे. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड एकाच वेळी घरात आले की ही हालचाल पूर्णपणे थांबते आणि काही वर्षांनी जमिनीवरून उठताना कशाचा तरी आधार लागतो. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी दिवसातले एखादे जेवण तरी खाली बसून करावे. गुडघ्यांची झीज झालेल्या किंवा सांधा बदललेल्या माणसावर मात्र ‘पूर्वी आम्ही बसायचो’ म्हणून हा आग्रह धरू नये. त्यांना सुमारे १८ इंच उंचीची, हात असलेली, टणक बैठकीची खुर्ची द्यावी. खोल, मऊ सोफ्यावर गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठणे आणखी कठीण होते. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्यावा. दिवाणावर लोडाला टेकून लॅपटॉपवर काम करण्याची सवयही मोडावी.

आई-वडिलांना ‘आता फक्त आराम करा’ असे सांगणे

गावाकडून शहरातल्या फ्लॅटमध्ये आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत ही चूक प्रेमापोटी होते, म्हणून ती दाखवून देणेही अवघड जाते. गावी अंगण झाडणे, परसातून कढीपत्ता आणणे, देवळापर्यंत जाणे यांतच त्यांचे चालणे होत असे. फ्लॅटमध्ये पाणी, औषध, रिमोट सारे हाताशी येते, खाली मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात आणि बंदिस्त केलेल्या बाल्कनीच्या काचेतून ऊन आले तरी ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील-ब किरण काच अडवते. काही महिन्यांत पाय कमजोर होतात आणि आपण म्हणतो, वय झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत. त्यामुळे त्यांच्याकडून कामे काढून घेण्याऐवजी कामाची वाट सुरक्षित करावी : घसरणाऱ्या सतरंज्या उचलाव्यात, न्हाणीघरात भिंतीला भक्कम दांडी बसवावी, रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि सोसायटीच्या सभेत खाली दोन बाकांची मागणी करावी. थोडे चालल्यावर टेकायला जागा आहे, हे ठाऊक असले की वृद्ध माणूस खाली उतरायला तयार होतो.

हे बदल केल्यावर दोन-तीन आठवडे निरीक्षण करावे. मात्र पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, दुखण्यासोबत ताप असणे किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना होणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.