गावाचा कारभार टिकाऊ कसा करावा : मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या दप्तरातून

माझा मामेभाऊ यंदा सरपंच झाला. फोनवर त्याचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, तुमच्याकडं सभेला माणसं येतात कशी?" मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॉस्टनच्या पश्चिमेला एका टाऊनमध्ये राहते. नागरिकत्व मिळाल्यापासून तिथल्या टाऊन मीटिंगला, म्हणजे गावाचा कारभार ठरवणाऱ्या मतदारांच्या सभेला, जाते आणि सध्या वित्त समितीवर आहे. त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडते. तुम्ही ग्रामपंचायतीत असा, हाउसिंग सोसायटीत असा किंवा माझ्यासारखे इकडच्या एखाद्या टाऊनमध्ये, यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

माणसं येतात, कारण सभेत खरोखर काहीतरी ठरतं. ही रीत फार जुनी आहे. 8 ऑक्टोबर 1633 रोजी तेव्हाच्या इंग्रज वसाहतीतल्या डॉर्चेस्टर या गावाने ठराव केला, की कोर्ट भरण्याआधीच्या सोमवारी सकाळी आठ वाजता ढोल वाजला की सगळ्यांनी सभागृहात जमायचं. कारभार पाहायला बारा जण निवडले. गावांना जमिनी वाटण्याचा, स्वतःचे नियम करण्याचा आणि अधिकारी निवडण्याचा अधिकार देणारा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने केला तो 1636 मध्ये. म्हणजे गावं आधी कारभाराला लागली, कायदा मागून आला. जीआर निघेल तेव्हा बघू, असं म्हणत बसू नका. जे आज तुमच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा.

सगळ्यात आधी विषयपत्रिका हातात घ्या. इकडे तिला वॉरंट म्हणतात आणि तिचा नियम कडक आहे. वॉरंटमध्ये नसलेल्या विषयावर सभेला ठराव करता येत नाही. आपल्याकडे विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". माझ्या मते ग्रामसभेवरचा विश्वास सर्वांत जास्त या ओळीने घालवला आहे. गायरानाची जागा द्यायची असो की मोठा खर्च मंजूर करायचा असो, लोक उठून गेल्यावर तो विषय तिथे घुसतो. ती ओळ काढता येत नसेल, तर निदान पहिल्याच सभेत ठराव करा, की पैसा, जमीन आणि ठेका यांचा कुठलाही विषय ऐनवेळी घेतला जाणार नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट करा. आमच्याकडे दहा मतदारांनी सह्या करून दिलेला विषय वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये घ्यावाच लागतो, निवडून आलेल्या मंडळाला तो आवडो वा न आवडो. ही चाल वसाहतकाळापासूनची आहे. तुमच्या गावातही दहा सह्यांचा विषय पत्रिकेवर घ्यायची प्रथा पाडा. सरपंचाच्या विरोधातल्या माणसालाही सभेला यायला कारण मिळतं.

विषय लिहायचा कसा, हेही शिकवावं लागतं. "रस्त्याबाबत चर्चा करणे" हा विषयच नव्हे. "खालच्या वस्तीच्या पाणंद रस्त्यावर ओढ्यापासून शाळेपर्यंत मुरूम टाकणे, खर्च इतके रुपये, अमुक निधीतून, पावसाळ्याआधी" असा विषय हवा. त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं. आमच्या सभेत अध्यक्ष अंदाजपत्रक एकेका ओळीने वाचतात. ज्याला शंका असेल तो बसल्या जागेवरून "होल्ड" असं ओरडतो. बाकीच्या ओळी एकत्र मंजूर होतात आणि थांबवलेल्या ओळींवर नंतर एकेक करून चर्चा होते. रात्री साडेदहाला एका आजीबाईंनी अग्निशमन गाडीच्या ओळीवर "होल्ड" म्हटलं आणि जुन्या गाडीचं काय करणार, एवढंच विचारलं. उत्तर कोणाकडेच तयार नव्हतं. पुढच्या वर्षीपासून जुन्या वाहनांची यादी छापून येऊ लागली.

मग पदं वाटा. जुन्या टाऊनच्या दप्तरात मला सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे. दरवर्षी मार्चच्या सभेत कितीतरी माणसं एका वर्षासाठी निवडली जात. त्यात कुंपणांची पाहणी करणारे, मोकाट डुकरांवर लक्ष ठेवणारे, कोंडवाडा सांभाळणारे, वजनमापे तपासणारे आणि रस्त्यांचे देखरेखदार असे सगळे असत. दोन शेतकऱ्यांचं बांधावरून भांडण झालं, की कुंपण पाहणारे प्रत्यक्ष जाऊन बघत आणि दुरुस्ती कोणी करायची ते सांगत. प्रकरण कोर्टात जायच्या आधीच मिटे. अशा कामातून साधा शेतकरी कारभार शिकत असे. तुमच्याकडे पाण्याचा व्हॉल्व्ह, रस्त्यावरचे दिवे, बांधाचे वाद, शाळेतला पोषण आहार ही कामं आहेतच. प्रत्येक कामाला दोन माणसं, ठरावात नाव घालून, एका वर्षासाठी नेमा आणि पुढच्या सभेत त्यांच्याकडून तोंडी अहवाल घ्या. सगळं सरपंच आणि ग्रामसेवकावर टाकलंत, तर एकाची बदली आणि दुसऱ्यावर अविश्वास ठराव आला की गाव ठप्प होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. डेडहॅम गावाने 1644 मध्ये शाळेसाठी स्वतःवर कर बसवला. तीन वर्षांनी वसाहतीचा कायदा आला, की पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने शिक्षक ठेवावा. घरपट्टी, पाणीपट्टी वसूल करायला लाजू नका. स्वतःचा पैसा असला, की हिशेब विचारायची सवय आपोआप लागते.

या सगळ्याचा कस लागला तो 1774 मध्ये. ब्रिटिश संसदेने कायदा केला, की गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय गावांनी वर्षातून एकच सर्वसाधारण सभा घ्यायची. बॉस्टनने काय केलं? आधीची सभा संपवलीच नाही, फक्त तहकूब करत राहिले. मॅसॅच्युसेट्सचे ब्रिटिश गव्हर्नर गेज यांनी जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळालं, की आम्ही नवी सभा बोलावलेलीच नाही. अशाने तुम्ही दहा वर्षं सभा जिवंत ठेवाल, असं ते म्हणाले. 24 ऑगस्टला सेलम गावात ते सभा बोलावणाऱ्या समितीच्या लोकांना दम देत असतानाच तिकडे सभेने प्रतिनिधी निवडून कामकाज आटोपलं. 6 सप्टेंबरला वुस्टरमध्ये 37 गावांचे 4,622 लोक जमले. त्यांनी राजाच्या न्यायाधीशांना दोन रांगांमधून, टोपी हातात घेऊन, माघारीचं निवेदन वाचत चालायला लावलं. एकही गोळी सुटली नाही.

आपल्याकडे कोरमअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत चार जण सह्या करतात. तिथे तहकुबीने माणसं टिकवून धरली, कारण पुढची तारीख आणि वेळ उठण्याआधीच सर्वांसमोर जाहीर होत असे. एवढं तरी नक्की करा.

37 गावं एका दिवसात उभी राहत नाहीत. 2 नोव्हेंबर 1772 ला ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या चळवळीचे पुढारी सॅम्युअल ॲडम्स यांच्या सूचनेवरून बॉस्टनच्या सभेने 21 जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. तिने ब्रिटिश सरकारविरुद्धच्या तक्रारींच्या पुस्तिकेच्या 600 प्रती छापून गावोगाव पाठवल्या आणि तुमचं मत कळवा, असं विचारलं. उत्तरं गावाच्या सभांमध्ये ठरून आली. तुम्हीही शेजारच्या पाच-सहा ग्रामपंचायतींना आपले ठराव पाठवा. नदी, एसटीचा थांबा, आरोग्य उपकेंद्र हे विषय एकाच गावाचे नसतातच. संकट येईपर्यंत थांबलात, तर तेव्हा ओळख करून घ्यायला वेळ नसेल.

एका बाबतीत मात्र त्यांचा कित्ता अजिबात गिरवू नका. त्या सभांमध्ये स्त्रियांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं आणि ज्यांच्या जमिनीवर ही गावं वसली त्या मूळ रहिवाशांना तर त्यांच्याच भूमीवरून हटवलं गेलं. गरीब नवागताला गाव सोडण्याची नोटीस बजावली जाई. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि ग्रामसभेआधी महिलासभा घ्यावी लागते. ती केवळ रजिस्टरवर होऊ देऊ नका. मजुरीला जाणाऱ्या बायकांना सकाळी अकराची वेळ जमत नाही, संध्याकाळी घ्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे विषय ते निघण्याआधीच्या सभेत घ्या. आणि इतिवृत्त त्याच बैठकीत, सगळे उठण्याआधी, मोठ्याने वाचून दाखवा.