सायकल स्पष्ट, मागचं सगळं वाहतं: पॅनिंगचा सराव कसा करायचा

मी फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी कॅमेरा घेऊन बाहेर पडले की एकाच फेरीत सगळं करायचे: थोडी पोर्ट्रेट्स, एखादं फूल जवळून, जमलं तर पळणारं कुत्रं. घरी आल्यावर फोटो का जमला ते सांगता यायचं नाही, आणि का फसला तेही नाही. आता एका वेळी एकच गोष्ट घेते. इथे शटर स्पीडबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं त्याबद्दल लिहितेय, आणि त्यातही जास्त पॅनिंगबद्दल, कारण त्यानंच मला सगळ्यात जास्त रडवलं आणि शिकवलं.

आधी घरातला नळ. खिडकीच्या उजेडात बारीक धार सोडा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, शटर प्रायॉरिटी मोड लावा (शटर स्पीड तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर. मग १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ सेकंद असे ओळीनं फोटो काढा. १/१००० ला धारेतले थेंब सुटे दिसतात, १/४ ला तेच पाणी रेशमाच्या लडीसारखं गुळगुळीत होतं. हे आकडे पुस्तकात मी कितीदा वाचले होते, पण डोळ्यांत बसले ते नळाखाली. अर्ध्या तासाचं काम आहे, टाळू नका.

आता पॅनिंग. म्हणजे हलणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेराही त्याच वेगानं फिरवायचा. वस्तू फ्रेममध्ये एका जागी राहते म्हणून स्पष्ट येते, आणि मागची झाडं, भिंती आडव्या रेघांमध्ये ओढल्या जातात.

सायकल सगळ्यात सोयीची. वेग फार नसतो, आणि धाकट्या भावाला तीस फेऱ्या मारायला लावता येतात. सुरुवात १/६० ने करा, हात बसला की १/३०, मग १/१५. दुपारच्या उन्हात मात्र अडचण येते. आयएसओ १०० आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र अगदी बारीक) ठेवलं तरी कडक उन्हात बरोबर एक्सपोजर साधारण १/१०० ला मिळतं. १/२५ ला दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजेड जास्त होतो आणि फोटो पांढरा पडतो. दोन स्टॉप उजेड कापणारा एनडी ४ फिल्टर (लेन्सपुढे लावायची करडी काच) असेल तर लावा. माझ्याकडे नव्हता, म्हणून मी संध्याकाळी सावलीत जायचे.

खरी मेख पायांत आहे. मी आधी सायकल जिथून येते तिकडे तोंड करून उभी राहायचे, आणि ती समोर येईपर्यंत माझी कंबर पिळून अडकलेली असायची. क्लिकच्या क्षणी हिसका, फोटो गेला. उलट करा: जिथे फोटो घ्यायचाय तिकडे पावलं रोखा, मग फक्त कंबरेतून येणाऱ्या सायकलीकडे वळा. कोपरं बरगड्यांना टेकलेली. सायकल बरीच लांब असतानाच फ्रेममध्ये पकडा, फोकस कंटिन्युअसवर (हलत्या वस्तूवर तो सतत जुळत राहतो) ठेवून शटर बटण अर्धं दाबा, तिच्याबरोबर वळत या, समोर आली की हलकेच पूर्ण दाबा, आणि दाबल्यावरही वळत राहा. बहुतेकांचं इथेच चुकतं. बटण दाबलं की हात थांबतो, आणि उघड्या शटरमध्ये तो थांबा उतरतो.

नजर चेहऱ्यावर किंवा छातीवर ठेवा. पाय वरखाली होतात, चाकं फिरतात, ती पुसट होणारच. त्यांनीच वेग दिसतो. सायकल तुमच्या अगदी समोरून, आडवी जायला हवी. तिरकी येत असेल तर तिची दोन टोकं फ्रेममध्ये वेगवेगळ्या वेगानं सरकतात, मग चेहरा स्पष्ट आणि मागचं चाक फरपटलेलं असा फोटो येतो. फार जवळ उभं राहून वाइड लेन्स लावली तरी हेच होतं. मी ५० एमएमवर आणि सात-आठ पावलं लांब राहते.

पार्श्वभूमीही निवडा. कोऱ्या भिंतीपुढे रेघा उमटतच नाहीत. पानांमधून उजेडाचे ठिपके येत असतील तर सुंदर ओढ दिसते. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला (हाताचा हादरा सावरणारी सोय) पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा. तो फक्त वरखालीचा हादरा सावरतो. नसेल तर एकदा चालू, एकदा बंद करून स्वतःच ताडून बघा.

पहिल्या दिवशी माझे साठातले दोन फोटो ठेवण्यासारखे होते. वाईट फोटो लगेच पुसू नका. लॅपटॉपवर मोठे करून दोष कुठल्या दिशेचा आहे ते बघा. चेहरा वरखाली फाटलाय, तर बटण जोरात दाबलंय. आडवा फाटलाय, तर तुमचा वेग सायकलीशी जुळला नाही. सगळंच स्पष्ट आलंय आणि रेघा नाहीत, तर शटर अजून हळू करा. मी वहीत प्रत्येक फेरीपुढे शटर स्पीड आणि एवढी एकच ओळ लिहिते: 'वरखाली', 'आडवा' किंवा 'हळू कर'. पुढच्या संध्याकाळी ती ओळ वाचूनच पहिली फेरी मारायला सांगते.