1911 पिस्तुलात नवा हॅमर आणि सिअर बसवताना

अमेरिकेत गनस्मिथचं (बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करण्याचं) काम शिकणाऱ्यांना 1911 जातीचं पिस्तूल टाळताच येत नाही. जॉन ब्राउनिंगची ही रचना तिथल्या लष्करानं 1911 मध्ये स्वीकारली आणि आज तिचे सुटे भाग अनेक कंपन्या बनवतात. पाकिटावर ‘ड्रॉप-इन’ (न घासता थेट बसणारा) लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. फ्रेममधल्या (पिस्तुलाच्या मुख्य सांगाड्यातल्या) पिनांच्या भोकांमध्ये सूक्ष्म फरक असतोच, म्हणून हॅमर (गोळी झाडण्यासाठी आपटणारा घोडा) आणि सिअर (चढवलेल्या हॅमरला अडवून धरणारा तुकडा) यांची प्रत्येक जोडी त्या-त्या फ्रेममध्ये तपासून बसवावी लागते. (भारतात बंदूक-पिस्तुलाच्या दुरुस्तीलाही शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. घरी हे काम करू नये.)

आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, टेबलावर काडतुसं ठेवूच नका.

हॅमर आणि सिअर एकाच उत्पादकाचे, जोडीनं घ्या. हॅमरच्या हुकांची (सिअरचं टोक जिथे अडकतं त्या कडांची) उंची साधारण 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते. ट्रिगर हलका करायचा म्हणून नवशिके हेच हुक घासतात. तसं करू नका. सिअरच्या नाकाला (टोकाला) घासायचा दगड लावायचा असेल तर जिगमध्येच (कोन पक्का धरणाऱ्या साच्यात) लावा, कारण कोन किंचित चुकला की एकाच बाजूला भार येतो. जुन्या भागांत कठीण थर पृष्ठभागापुरताच असतो. तो घासून गेला की आतलं मऊ पोलाद लवकर झिजतं.

सिअर स्प्रिंगला तीन पाती असतात: डावं सिअरला दाबतं, मधलं डिसकनेक्टर (स्लाइड मागे असताना ट्रिगर आणि सिअरचा संबंध तोडणारा भाग) व ट्रिगरला, उजवं ग्रिप सेफ्टीला (मुठीच्या मागचा, हातानं दाबला जाणारा खटका). ट्रिगर हलका करण्यासाठी डावं पातं फार सैल केलं, तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पुढे येताना हॅमर तिच्यामागोमाग खाली पडतो. सगळ्यात धोकादायक दोष हाच. शिकणाऱ्यानं ट्रिगर दाबायला लागणारा जोर चार पौंडांच्या आसपासच ठेवावा.

सिअर बदलला की थंब सेफ्टीही (अंगठ्यानं लावायचा खटका) नव्यानं बसवावी लागते. हे बरेच जण विसरतात. तिचा आतला खुंट सिअरला अडवतो. खुंट मोठा असेल तर सेफ्टी वरच चढत नाही, मग बारीक कानशीनं थोडं-थोडं काढून दर वेळी बसवून पाहा. जास्त निघालं तर नवी सेफ्टी आणावी लागते. तपासणी अशी: हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा. आता हॅमर अंगठ्यानं हलकेच मागे ओढत कान जवळ न्या. बारीक ‘टिक’ ऐकू आली, तर सिअर जागचा हलला होता आणि सेफ्टी त्याला पुरती अडवत नाही.

डिसकनेक्टरसाठी स्लाइड तीन-चार मिलिमीटर मागे धरून ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये. ट्रिगरचा ओव्हरट्रॅव्हल स्क्रू (हॅमर सुटल्यावर ट्रिगर किती मागे जाईल ते ठरवणारा) फार आत असेल तर सिअर हाफ-कॉक खाचेला (हॅमरला अर्ध्यावर अडवणाऱ्या खाचेला) घासतो. ट्रिगर दाबून हॅमर हातानं हळू खाली आणताना ती खरखर बोटाला जाणवते. रिकाम्या चेंबरवर स्लाइड सोडून देऊ नका, नव्या जोडीच्या कडांना त्यानं मार बसतो.

शेवटची चाचणी रेंजवरच. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, पूर्ण भरलेलं मॅगझिन त्यानंतर बऱ्याच फेऱ्यांनी. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या तर पिस्तूल लगेच रिकामं करा आणि डावं पातं व सिअरची पकड पहिल्यापासून तपासा.